खळकाका पासपोर्ट काढतात

त्यांचं खरं नाव गल्लीत एकट्या पोस्टमनला ठाऊक होतं. बाकी सगळ्यांचे ते खळकाका. चाळीस वर्षं पुस्तकबांधणी केलेली, त्यामुळे अंगाला खळीचा वास असा बसलेला की काका वळणावर दिसायच्या आधी नाकाला कळायचे. खळ ते स्वतः शिजवत. कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालत, आणि ते किती घालायचं हे त्यांनी बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. काकू म्हणायच्या, मला काय करायचंय ते जाणून, मी काय पुस्तकं शिवायला बसणार आहे? यावर काकांचा संशय वाढायचा. ज्या अर्थी ही विचारत नाही, त्या अर्थी हिला कुठून तरी कळलेलं आहे, असा त्यांचा हिशेब.

तर अशा माणसाला पासपोर्ट काढायचा होता.

कारण लेक. ती परदेशातल्या इस्पितळात नर्स होती. सहा वर्षांपूर्वी ती निघाली तेव्हा काका तिला पोचवायलासुद्धा गेले नव्हते. ही नोकरीच बोगस आहे, पोरीला फसवलंय, आठ दिवसांत रडत परत येईल, असं म्हणत ते दुकानात पुठ्ठे कापत बसून राहिले. पोरगी रडत आली नाही. तिथेच लग्न झालं, फोटो आले, आणि आता तिला सातवा महिना होता. तिकडे सासू नाही, नणंद नाही. फोनवर ती आईशी तासभर बोलली आणि बाबांशी दोन वाक्यं. पहिलं, मी दोघांची पासपोर्ट ऑफिसची तारीख घेतली आहे, तीन आठवड्यांनी गुरुवारी. दुसरं जरा थांबून बोलली.

"बाबा, या वेळी आई एकटी आली तर मी समजेन काय समजायचं ते."

काकांनी फोन ठेवला आणि म्हणाले, धमकी देते. पण त्या दिवशी त्यांनी एका वहीची पानं उलटी शिवली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

काकूंची कागदपत्रं दोन दिवसांत तयार झाली. जन्माचा पुरावा, लग्नाचा दाखला, पत्त्याचा पुरावा, सगळं एका कापडी पिशवीतून निघालं, तेही क्रमाने लावलेलं. काकांच्या मनात पाल चुकचुकली. इतकी जय्यत तयारी दोन दिवसांत होत नाही. हिचं वर्षभर चाललेलं दिसतंय.

"वर्षभरच चाललंय," काकू म्हणाल्या. "तुम्ही विचारलं कधी?"

फोटोच्या दुकानात काकांनी फोटोवाल्याशी वाद घातला. त्याने चेहरा उजळ केलाय, तिथल्या साहेबाला हा दुसराच कोणी इसम वाटेल. झेरॉक्सवाल्याकडे त्यांनी मशीनचं झाकण स्वतः उचलून आत कागद राहिला नाही ना ते पाहिलं. एक प्रत तिरकी आली होती. झेरॉक्सवाल्याने ती चुरगाळून टोपलीत टाकली, तर काकांनी ती टोपलीतून काढून घरी आणली. पासपोर्ट एजंटकडे मात्र ते फार वेळ बसले नाहीत. त्याने काय काय लागेल ते सांगितलं, मग खुर्ची पुढे ओढली आणि आवाज उतरवून म्हणाला, काका, काही अडलं तर दोन दिवसांत बनवून देतो. काका उठलेच. बनवून देतो म्हणजे काय, माणूस बनवून देतो की काय?

पण अडलं ते अडलंच. काकांचा शाळा सोडल्याचा दाखला सापडेना. जन्मतारखेचा त्यांच्याकडे तेवढा एकच पुरावा. घरातली ट्रंक उलटी केली, दुकानातले खण पालथे घातले. शाळा तर केव्हाच बंद पडलेली. तिची रजिस्टरं कुठल्याशा मोठ्या कचेरीत गेलेली, आणि तिथला कारकून म्हणाला, अर्ज करा, सहा महिन्यांत बघतो. सहा महिन्यांत नातवंड पालथं पडायला लागलं असतं.

तेव्हा काकांनी जे नाव पहिल्यापासून मनात होतं ते उच्चारलं. धाकटा.

धाकटा म्हणजे त्यांचा सख्खा भाऊ. तोही बाइंडरच, आणि दुकान अगदी शेजारी. अकरा वर्षांपूर्वीपर्यंत एकच दुकान होतं. मग एक दिवस वडिलांची हाडाची पट्टी दिसेनाशी झाली. घडी दाबायला बाइंडर वापरतात ती, वीतभर लांब, वापरून वापरून काचेसारखी गुळगुळीत झालेली. काका चार गिऱ्हाइकांदेखत धाकट्याला म्हणाले, तूच उचललीस. धाकट्याने हातातलं काम खाली ठेवलं आणि मधे भिंत घातली. महिन्याने पट्टी सापडली, काकांच्याच जुन्या ॲप्रनच्या फाटक्या खिशातून अस्तरात उतरलेली. काकांनी ती चुपचाप वापरायला काढली. माफी वगैरे मागायचा विषय त्यांच्या डोक्यातच आला नाही, आणि आला असता तरी भिंत झालेली होती. पुढे काकांनी पाटी रंगवली, "मूळ बाइंडर". आठवड्याभरात शेजारी पाटी लागली, "खरे मूळ बाइंडर". अकरा वर्षं दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. कोणी पाटीबद्दल विचारलं तर दोघेही रंगाऱ्यावर ढकलत.

वाटणीच्या वेळी कागदांचा पत्र्याचा डबा धाकट्याकडे होता, एवढं काकांना पक्कं आठवत होतं. त्याचा मुलगा दोनदा परदेशी जायला निघाला आणि दोन्ही वेळा राहिला. आता दादाची मुलगी तिकडे, दादा जाणार, वहिनी जाणार. पोटात दुखणारच. दाखला त्यानेच दाबून ठेवलाय.

काकू भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, असेल त्याच्याकडे, तर जाऊन मागा.

"मागू? म्हणजे तो नाही म्हणणार आणि हसणार."

"मग मी एकटी जाते," काकू म्हणाल्या, आणि भाजी निवडत राहिल्या.

यानंतर काकांचं लक्ष दाखल्यावरून उडालं आणि काकूंवर बसलं. ही बाई फार शांत आहे. नवरा मागे राहतोय याचं हिला काही वाटू नये? आणि दर मंगळवारी बाजारातून यायला हिला उशीर का होतो? पूर्वी अर्ध्या तासात येणारी बाई आता दीड तास लावते, आणि आणते काय, तर एक जुडी कोथिंबीर.

पुढच्या मंगळवारी मूळ बाइंडरचं दुकान सकाळी अकरालाच बंद झालं. चहावाल्याने विचारलं, काका, तब्येत? काकांनी त्याला हातानेच गप्प केलं आणि डोकीला रुमाल बांधून बायकोच्या मागे निघाले. वेश पालटला असं त्यांना वाटत होतं. पण वास कुठे लपवणार? दोन भाजीवाल्यांनी मागे वळून "काय खळकाका" म्हटलं. काकूंना ते ऐकू गेलं नाही हे नशीब.

बाजाराच्या टोकाला एक पाण्याची टाकी होती आणि तिच्या सावलीत दगडी कट्टा. त्या कट्ट्यावर काकू बसल्या. शेजारी आधीच कोणी बसलेलं होतं. काकांनी कांद्याच्या पोत्याआडून पाहिलं आणि रुमाल आणखी खाली ओढला. धाकटी! धाकट्याची बायको. दोघी जावा गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या, एकीच्या पिशवीतली शेंग दुसरी खातेय, आणि हसणं असं की हे काही आज-कालचं नव्हे. धाकटी काकूंच्या कानाशी लागली. काकूंनी मान हलवली, चेहरा गंभीर केला आणि तिच्या हातावर हात ठेवला.

काकांना सगळं लख्ख दिसलं. दोन्ही घरं एकमेकांना मिळालेली आहेत. एकटा आपणच बाहेर.

ते तसेच मागे फिरले. घरी येऊन दारात खुर्ची टाकून बसले. काकू आल्या, हातात कोथिंबीर. काका म्हणाले, किती वर्षं चाललंय हे?

काकूंनी पिशवी खाली ठेवली. त्यांना बहुतेक हसू येत होतं, पण त्यांनी ते आवरलं. म्हणाल्या, अकरा. भिंत तुम्ही दोघांनी घातली, आम्हाला कोणी विचारलं होतं? मग मात्र त्या समोर बसल्या आणि जे सांगितलं ते काकांना दोनदा ऐकावं लागलं. दाखला धाकट्याकडेच आहे. वर्ष झालं. धाकटीने आत्ता सांगितलं. तो द्यायला घाबरतोय.

"घाबरतोय? चोर घाबरणारच."

"तुम्ही नेमकं हेच म्हणाल म्हणून घाबरतोय," काकू म्हणाल्या.

गुरुवारला दोन दिवस राहिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी काका खरे मूळ बाइंडरच्या दुकानात शिरले. काकू मागोमाग होत्या. हा माणूस अर्ध्या वाटेतून परत फिरेल अशी शंका त्यांनाही होतीच. धाकटा एका पाठ्यपुस्तकाला पुठ्ठा लावत होता. त्याने वर पाहिलं, हात पुसले आणि कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून टेबलावर ठेवलं.

आत होती एका जाड पुस्तकाची पाठ. निळं कापड, त्यावर सोनेरी अक्षरं झिजलेली. धाकट्याने ती उलटी केली. कापडाच्या आतल्या बाजूला, पाठीला बळकटी यावी म्हणून कागदाचं अस्तर चिकटवलेलं असतं. ते अस्तर म्हणजे उभा दुमडलेला छापील कागद होता. घडीच्या कडेला मुख्याध्यापकांच्या शिक्क्याचा अर्धा गोल, आणि वर काकांचं नाव. पोस्टमनलाच ठाऊक असलेलं.

वाचनालयाचा शब्दकोश गेल्या वर्षी नवीन बांधणीसाठी धाकट्याकडे आला होता. जुनी पाठ सोलली तर हे निघालं. तो शब्दकोश बावीस वर्षांपूर्वी बांधला होता मोठ्या भावाने. त्या साली पुठ्ठा मिळेना, कागद मिळेना, आणि काकांची तर पद्धतच अशी की कागद वाचायचा नसतो, वाजवायचा असतो. कानाशी धरून झटका द्यायचा. कडक वाजला की अस्तराला, मऊ वाजला की रद्दीत. जुन्या शाळांचे दाखले चांगल्या चिवट कागदावर छापत. काकांनी ढिगातून उचलला असेल, वाजवला असेल, आणि खूश होऊन खळ लावली असेल.

काकांनी चष्मा लावला. मग त्यांनी कडेला नखाने खरवडलं.

"हे तूही चिकटवलेलं असू शकतं," ते म्हणाले.

"कशाने?" धाकटा म्हणाला. "खळ बघ. ती हिरवट झाक माझ्या खळीला येते का? हे तुझं मोरचूद आहे, दादा."

"तेच विचारतोय. माझ्या मोरचुदाचं तुला कोणी सांगितलं?"

असं म्हणून त्यांनी मागे वळून काकूंकडे पाहिलं. काकूंनी कपाळावर हात मारला. धाकटा म्हणाला, सोळा वर्षं तुझ्या शेजारी उभं राहून खळ ढवळली मी, मला कोणी सांगायला कशाला पाहिजे. आणि ऐक, म्हणूनच सोडवला नाही हा. ओला करून सोडवून तुला आणून दिला असता, तर तू काय म्हणाला असतास? इतके दिवस कुठे होता, असंच ना? पाठीला चिकटलेला आहे तोवर माझी बाजू आहे. सोडवला की नुसता कागद.

काकांनी हात पुढे केला. ते म्हणाले, बरं, दे आता.

धाकट्याने पाठ उचलून आपल्या बाजूला ओढली.

"लिहून दे."

"काय?"

"की हा तू चिकटवलास. मी चोरला नाही."

आता काका आयुष्यात कोणाला काही लिहून देत नसत. गॅसवाल्याच्या पावतीवरसुद्धा ते चष्मा लावून दोनदा वाचून मग अर्धीच सही करत. लिहून दिलेला कागद उद्या कोण कुठे नेईल, काय सांगता येतं? ते टेबलापाशी उभे राहिले. काकू दाराशी होत्या. त्यांनी काहीच म्हटलं नाही, हे वाईट. म्हटलं असतं तर काका रागावून निघून जाऊ शकले असते. बाहेर चहावाला ग्लास विसळत होता, पण मघापासून तोच एक ग्लास.

लेकीचं ते दुसरं वाक्य काकांच्या डोक्यात तीन आठवडे भुंग्यासारखं फिरत होतं. सहा वर्षांपूर्वी दुकानात बसून राहिलो, ते पुठ्ठे कोणत्या वह्यांचे होते तेही आता आठवत नव्हतं.

त्यांनी कागद मागितला. धाकट्याने दिला तो त्यांनी सवयीने कानाशी नेला, आणि मग लिहायला बसले. माझा शाळा सोडल्याचा दाखला मी स्वतःच्या हाताने वाचनालयाच्या शब्दकोशाच्या पाठीला लावला. माझ्या धाकट्या भावाने तो चोरलेला नाही. सही करायला पेन टेकवलं, तर धाकटा म्हणाला,

"पट्टी राहिली."

काकांनी वर पाहिलं नाही. कान तेवढे लाल झाले. चारजणांदेखत बोललेलं वाक्य खोडायला अकरा वर्षांनी एक ओळ पुरते की नाही, ते धाकट्यालाच माहीत. पेन खाली आलं. वडिलांची हाडाची पट्टीही त्याने घेतली नव्हती. ती माझ्याच ॲप्रनमध्ये होती. एका महिन्यात सापडली होती.

शेवटचं वाक्य कोणी मागितलं नव्हतं.

पूर्ण सही झाली. धाकट्याने कागद वाचला, पुन्हा वाचला, घडी केली आणि खिशात ठेवताना म्हणाला, कधीची सापडली होती म्हणतोस? काका म्हणाले, लिहिलंय ना, वाच.

मग दोघे कामाला लागले, कारण दुसऱ्याच दिवशी तारीख होती. फडकं कोमट पाण्यात बुडवून पिळलं, कापडाच्या बाहेरच्या अंगाने लावलं, आतल्या शाईला पाणी लागू द्यायचं नव्हतं. काकांची नजर कमी झालेली पण बोटांना खळ कुठे ढिली झाली ते कळत होतं. धाकट्याचा हात स्थिर. थांब. ओढू नकोस. अजून एक फडकं. कोपरा सुटला. तीन तास एवढंच बोलणं झालं. काकूंनी मधे दोनदा चहा आणला आणि दोनदा गार झालेला परत नेला. दुपारी तीनला दाखला अख्खा सुटून आला, घडीला थोडा विरलेला, मधून मधून हिरवट. जन्मतारीख वाचता येत होती. काकांनी ती चष्मा लावून तपासली. बरोबर होती.

अर्जात शेवटी एक रकाना होता. तुम्हाला चांगलं ओळखणाऱ्या दोन शेजाऱ्यांची नावं. काकांनी संध्याकाळभर विचार केला. चहावाला फार बोलतो. झेरॉक्सवाला टोपलीची गोष्ट सांगेल. फोटोवाला तर दुखावलेलाच. एक नाव त्यांनी समोरच्या शिंप्याचं घातलं, तो बहिरा होता. दुसरं नाव खूप वेळ कोरं राहिलं. मग त्यांनी धाकट्याचं लिहिलं. काकूंना म्हणाले, अकरा वर्षं माझ्यावर नजर ठेवून आहे, त्याच्याइतकं कोण ओळखणार?

गुरुवारी ऑफिसात कारकुनाने दाखला उजेडात धरला. हे डाग कसले? काका खुर्ची पुढे ओढून सांगू लागले, पुठ्ठा मिळत नव्हता तिथपासून. मागची रांग वळून खिडकीपर्यंत गेली. मोरचुदापाशी पोचले तेव्हा कारकुनाने शिक्का मारला आणि म्हणाला, पुरे, पुरे, जा.

आठ-दहा दिवसांनी चौकशीला हवालदार आला. आधी शिंप्याकडे गेला आणि दोन मिनिटांत बाहेर आला. मग खरे मूळ बाइंडरकडे गेला आणि तिथे पाव तास रमला. काका आपल्या दुकानात एकच पान पुन्हा पुन्हा घडी घालत होते. आता काय सांगत असेल? खिशात आपल्या सहीचा कागद आहे त्याच्या. हवालदार बाहेर आला, काकांच्या दोन सह्या घेतल्या, म्हणाला, ठीक आहे, काही तक्रार नाही. भाऊ म्हणतात माणूस संशयी आहे पण सरळ आहे. काकांना त्यातला पहिला भाग खटकला. हवालदार निघता निघता वळला. म्हणाला, हां, ते विचारत होते, तुम्ही किती महिने नाही म्हणून.

बस. तो गेला आणि काका जाग्यावरून हलले नाहीत. किती महिने नाही? याला कशाला हवंय? आपण तिकडे विमानात बसणार आणि हा इकडे काहीतरी करणार. त्यांनी काकूंना बोलावून घेतलं. काकू म्हणाल्या, भाऊ आहे, सहज विचारलं असेल. सहज? तो सहज काही विचारत नाही, माझाच भाऊ आहे तो.

आणि काका उठून सरळ शेजारच्या दुकानात गेले. दारातूनच म्हणाले, किती महिने कशाला विचारत होतास?

धाकटा जरा ओशाळला. हातातलं दाभण त्याने उगाच पुसलं. म्हणाला, मोठा शिकंजा. वाटणीत तुझ्याकडे गेला. माझ्याकडे नकाशांच्या वह्यांचं काम आलंय, माझ्या शिकंज्यात दाबायला बसत नाहीत. तू तिकडे असेपर्यंत तो नुसता पडूनच राहणार, म्हटलं...

काका वळले. दारात काकू उभ्या होत्या. काकांचा चेहरा असा उजळला होता की फोटोवाल्याने पाहायला हवा होता.

"बघितलंस?" ते काकूंना म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं, त्याच्या मनात काहीतरी आहे म्हणून?"

मग ते धाकट्याला म्हणाले, नुसता उभा काय राहतोस, खालच्या बाजूने धर, जड आहे. आणि स्क्रू पूर्ण आवळायचा नाही, तिसऱ्या आट्याला अडकतो, हे कोणाला सांगू नकोस.